माहेरून आलेलं बी

अर्ज संगणकावर आले आणि माणसाच्या उत्तराआधी यादी येऊन बसली. कागदी अर्जात ठिपक्यांची ओळ असे. तिच्यावर काय लिहायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात होतं. आता चौकटीच्या कडेला खाली टोक केलेला एक छोटा बाण असतो. तो दाबला की नावं उलगडतात आणि त्यातलं एक निवडायचं असतं. आपलं नाव त्यात असलं तर काही जाणवतही नाही, हात पुढच्या चौकटीकडे जातो. नसलं तर माणूस थबकतो, यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत चाळतो आणि शेवटी ‘इतर’वर बोट ठेवतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं असतं, पण ते घ्यायला समोर जागा नसते.

ही यादी कोणी केली, कधी केली, कोणाला विचारून केली, हे अर्जावर कुठंच लिहिलेलं नसतं. मला हा प्रश्न सोडत नाही, कारण मी स्वतः अशा याद्या करते. गावठी बियाण्यांच्या नोंदी ठेवणारा आमचा एक लहानसा गट आहे. काही शिक्षक, काही शेतकीचे विद्यार्थी, काही स्वतः शेती करणारे. वाडीवस्तीवर जायचं, ज्या घरात जुनं बी राखलेलं असेल तिथं बसायचं, काय पेरता, कधी पेरता, कसं टिकवता, कुठून आलं हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं. लिहिलेलं ठेवायला आम्ही विकी वापरतो, म्हणजे कोणालाही दुरुस्त करता येतील अशा पानांचा संग्रह. प्रत्येक बियाण्याचं एक पान, आणि ते पान भरायला एक फॉर्म. त्या फॉर्मातल्या याद्या कुठून याव्यात, यावर आमची जेवढी चर्चा झाली तेवढी बियाण्यांवरही झाली नसेल.

यादीच नको, ज्याला जे सांगायचं ते मोकळं लिहू द्या, असं आधी कोणालाही वाटतं. त्याचं काय होतं ते आपल्या देशात दिसून आलं आहे. २०११ साली सामाजिक, आर्थिक आणि जातनिहाय गणना झाली. प्रगणकांच्या हाती जातींची तयार सूची नव्हती. जसं सांगितलं तसं नोंदलं गेलं. पुढं २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या याचिकेवर केंद्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात म्हटलं होतं की १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती होत्या आणि या गणनेत ४६ लाखांहून जास्त नावं निघाली. एकट्या महाराष्ट्रात अधिकृत ४९४ जातींसमोर ४,२८,६७७ नावं. कोणी जात विचारल्यावर पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी आडनाव. शिवाय एकच नाव दोघांनी दोन तऱ्हेनं लिहिलं की संगणकाच्या लेखी त्या दोन जाती. एवढ्या घरांत जाऊन माणसं विचारून आली आणि ते उत्तर वापरता येईना. माझ्या मनाला हे फार लागलं होतं. सांगणाऱ्यानं खरं सांगितलं होतं, लिहिणाऱ्यानं ऐकलं ते लिहिलं होतं, आणि तरी दोघांचेही श्रम वाया गेले.

भाषांच्या बाबतीत मोकळं लिहून घेतल्यावर पुढं निवड झाली. त्याच वर्षी झालेल्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून सांगितलेली नावं १९,५६९ होती. ती तपासून, जुळवून त्यातून १,३६९ मातृभाषा ठरवण्यात आल्या आणि १,४७४ नावं कुठंच न बसल्यामुळं अवर्गीकृत राहिली. हे जाणकारांचं, चिकाटीचं काम आहे आणि ते केल्याशिवाय तक्ता बनत नाही. पण आपल्या बोलीचं नाव सांगणाऱ्या बाईला ते शेवटी कोणत्या नावाखाली गेलं हे कळत नाही, आणि ‘असं नव्हे हो’ म्हणायला तिला वाटही नाही. मोकळं सोडलं तर पसारा, आवळून धरलं तर माणूस बाहेर. या दोहोंच्या मधली जागा मी शोधत होते.

बियाण्यांच्या शास्त्रात यादी कशी विचारानं केलेली असते, हेही सांगायला हवं. जगभरच्या बीजपेढ्यांना आपापसांत माहिती देता-घेता यावी म्हणून संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना आणि वनस्पतींच्या जनुकीय संपत्तीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था यांनी २००१ साली नोंदीचा एक सामायिक आराखडा काढला, पुढं २०१२ मध्ये तो सुधारला. त्यात वाणाच्या दर्जाला अंक आहेत. रानटी असेल तर १००, पारंपरिक वाण असेल तर ३००, सुधारित असेल तर ५००, आणि कशातच बसत नसेल तर ९९९. बी कुठून गोळा केलं यालाही अंक आहेत. परसबागेला २३, खळ्याला २७. खळ्याला स्वतःचा अंक आहे हे प्रथम वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला. दूर कुठल्या तरी टेबलावर बसून ही यादी करणाऱ्यांमध्ये खळं पाहिलेला कोणी तरी होता. तरीही या यादीला एक शेवट आहे. तिच्या बाहेरचं काही समोर आलं की गावातल्या गावात ती वाढत नाही. तिची पुढची आवृत्ती निघायची वाट पाहावी लागते.

विकीची रीत निराळी आहे, आणि ती तंत्रज्ञानाच्या पोटी नव्हे तर सवयीच्या पोटी जन्मली. वॉर्ड कनिंगहॅम यांनी २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी लोकांसाठी खुला केला, तेव्हा त्यात वर्ग नावाची वेगळी सोयच नव्हती. लोक पानाच्या तळाशी एका ठरावीक शब्दानं सुरू होणारं नाव लिहू लागले. त्या नावाचं पान उघडून शीर्षकावर टिचकी मारली की ज्या ज्या पानांवर ते नाव आलं आहे ती सगळी पानं शोधून समोर येत. यादी कोणी लिहिलेलीच नव्हती. जो तो आपल्या पानाबद्दल एक शब्द टाकत होता आणि त्या शब्दांमधून यादी आपोआप उभी राहत होती. पुढं विकिपीडियाच्या मागं असलेल्या मीडियाविकी या प्रणालीत २००४ साली ही सोय अंगभूत झाली. मराठीत पानाच्या शेवटी [[वर्ग:कडधान्ये]] एवढं लिहिलं की ते पान त्या वर्गात गेलं. वर्गाच्या पानावर जाऊन काही करावं लागत नाही, कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. कुळथाच्या पानावर बसलेला माणूस कुळथाबद्दल बोलता बोलता कडधान्यांची यादीही लिहीत असतो.

या वर्गांना फॉर्म जोडायची कल्पना यारॉन कोरेन यांच्या मीडियाविकीसाठीच्या विस्तारातून आली. २००७ साली तो सिमेंटिक फॉर्म्स या नावानं आला, २०१६ पासून त्याला पेज फॉर्म्स म्हणतात. त्यात फॉर्म लिहिताना एखाद्या चौकटीपुढं पर्याय हातानं टाइप करता येतात. अल्पविराम देत देत दहा नावं लिहिली की दहा नावांची यादी झाली. अकरावं हवं असेल तर फॉर्म ज्याच्या ताब्यात आहे त्याला गाठायचं. किंवा त्याच जागी ‘व्हॅल्यूज फ्रॉम कॅटेगरी’ असं म्हणून वर्गाचं नाव द्यायचं. मग फॉर्म उघडताना तो त्या वर्गात आत्ता कोणती पानं आहेत ते पाहतो आणि त्यांची नावं बाणाखाली मांडतो. फॉर्म भरून जतन केला की साच्यातून नवं पान तयार होतं. साच्यातच वर्ग लिहिलेला असल्यामुळं ते नवं पानही वर्गात जातं आणि पुढच्याला यादीत दिसतं. काल एकानं नोंदवलेलं आज दुसऱ्याला निवडता येतं. मध्ये कोणी बसलेलं नाही.

तांत्रिक अंगानं पाहिलं तर ही एका ओळीची गोष्ट आहे. मला तिचं मोल वाटतं ते यासाठी की अशा यादीतला प्रत्येक पर्याय म्हणजे एक पान असतं. साध्या अर्जात ‘परसबाग’ हा नुसता शब्द आहे. इथं त्या शब्दामागं कोणी तरी लिहिलेलं आहे: कोणत्या भागात परसात काय लावतात, बी कोण राखतं, वेल कशावर चढवतात. निवडणाऱ्याला शंका आली तर त्याला पान उघडून वाचता येतं, आणि वाचून पटलं नाही तर बदलता येतं. यादीतल्या नावाला जाब विचारता येतो, हे मी दुसऱ्या कुठल्या अर्जात पाहिलेलं नाही.

आमच्या फॉर्मात ‘बी कुठून आलं’ अशी एक चौकट आहे. तिची यादी एका वर्गाला बांधलेली होती आणि त्या वर्गात तेव्हा मोजकीच पानं होती: घरचं राखलेलं, आठवडी बाजारातून, दुकानातून, शेजाऱ्याकडून, संस्थेनं दिलेलं. अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर आमची एक विद्यार्थिनी फोनवर फॉर्म भरत होती, मी शेजारी होते. समोर वालाचं बी राखेत घोळून ठेवलेलं मडकं आणि त्याची मालकीण. बी कुठून आलं म्हणून विचारलं तर मावशी म्हणाल्या, “माझ्या आईनं दिलं. लगीन झालं तवा ओटीत घातलं.” मुलीनं यादी दाखवली. मावशींनी ती तिच्याकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, “ताई, ह्यात माहेर कुठंय?”

यादीत माहेर नव्हतं. त्या आंतरराष्ट्रीय आराखड्यातही माहेर असा अंक नाही. घरचं राखलेलं म्हणावं तर अर्धंच खरं, शेजाऱ्याकडून म्हणावं तर साफ खोटं. मुलीनं फॉर्म तसाच ठेवला, ‘माहेरून आलेलं’ या नावाचं नवं पान काढलं आणि मावशींनी सांगितलं ते त्यात लिहिलं. कोणत्या गावाहून, कोणत्या सणाला, सुनेनं आणलेलं बी पहिल्या वर्षी कुठं पेरतात, ते पहिल्या वर्षी निघालं तर काय बोलतात. शेवटी वर्ग टाकला. फॉर्म पुन्हा उघडला तेव्हा बाणाखाली माहेर आलं होतं. मावशींनी स्वतः बोट ठेवलं.

पुढच्या काही महिन्यांत ते नाव वेगवेगळ्या तालुक्यांतून निवडलं जाऊ लागलं. ज्यांना त्या मावशी माहीत नव्हत्या त्यांनी ते निवडलं, कारण त्यांच्यासमोरच्या बाईचंही उत्तर तेच होतं. फक्त आधी ते ‘घरचं राखलेलं’मध्ये जात होतं. नोंदी वाढल्या तसं एक चित्र दिसू लागलं. वाल, घेवडे, भोपळा, दोडका, परसातली वांगी यांची बियाणी लग्नाच्या वाटेनं प्रवास करतात. भात त्या वाटेनं सहसा जात नाही. ते शेजारीपाजारी बदलून, किंवा सवाईनं घेऊन सुगीला परत करून फिरतं. एका वाडीतलं वालाचं वाण घाटापलीकडच्या कोणत्या गावात सापडेल हे सोयरिकींवरून सांगता येतं, हे आम्हाला त्या एका पर्यायानं दाखवलं. आधीच ठरलेल्या यादीतून ते कधीच दिसलं नसतं. बायकांना हे ठाऊक होतंच. पण त्यांना विचारणाऱ्या फॉर्मांना ठाऊक नव्हतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बी राखणाऱ्या बाईचं ज्ञान सगळ्यांना दिसलं. त्या ज्ञानात नुसतं बी नसतं, बियांची वर्गवारीही असते.

भाताचंच घ्या. शास्त्रीय नोंदीत पीक तयार व्हायला किती दिवस लागतात तो आकडा विचारतात. शेतकरी हळवं, निमगरवं, गरवं म्हणतो. दिवसांचा आकडा पावसावर, जमिनीवर, लावणीच्या वेळेवर हलतो. हळवं-गरवं हे मात्र त्या गावातल्या बाकीच्या भातांच्या मानानं ठरतं, आणि कोणत्या खाचरात काय लावायचं हे त्यावरूनच ठरवतात. उताराच्या वरच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरात हळवं, पाणी धरणाऱ्या खालच्या खाचरात गरवं. आमच्याकडं हे तीन वर्ग आहेत आणि त्या तिन्हींवर पानं आहेत. दिवसांची चौकटही आहे, ती बहुधा रिकामी राहते आणि मला त्याची खंत नाही.

खरी कसोटी नावांनी पाहिली. घाटमाथ्यावर जिला नागली म्हणतात तीच कोकणात नाचणी. देशावरचे हुलगे कोकणात कुळीथ. एकीकडं खुरासणी, दुसरीकडं कारळे. एकीकडं वरई, दुसरीकडं भगर. पालघरच्या वाड्याचा कोलम, ज्याला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला झिणीही म्हणतात. यादीत कोणतं नाव ठेवायचं? एक ठेवलं तर दुसऱ्या नावाचा माणूस पुन्हा ‘इतर’कडं जाणार. दोन्ही स्वतंत्र ठेवली तर जातगणनेचा पसारा लहान प्रमाणात आपल्या घरी. विकीत याला एक सुरेख उत्तर आहे. ‘नागली’ नावाचं पान काढून ते ‘नाचणी’कडं वळवायचं, आणि वळवलेल्या पानालाही वर्ग द्यायचा. वर्गाच्या पानावर असं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं, म्हणजे पाहणाऱ्याला कळतं की हे दुसऱ्या नावाचं दार आहे. नागली म्हणणाऱ्याला नागली सापडते, नाचणीवाल्याला नाचणी, आणि दोघे एकाच पानावर भेटतात. कोणतं नाव मुख्य ठेवावं यावर आम्ही वाद घातले आहेत, आणि बरेचदा दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाकडे गेलो आहोत. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्या सात खंडांमध्ये शब्दापुढं कंसात कोकणी, गोमंतकी, कुडाळी अशा प्रदेशांच्या खुणा आहेत. कोशकारांनी प्रमाण शब्द देऊन बाकीचे टाकून दिले नाहीत. कुठं काय म्हणतात ते लिहून ठेवलं. वळवलेलं पान करताना मला त्यांची आठवण होते.

याच्या उलट घेवड्याची गोष्ट. तिथं नाव एक आणि वस्तू अनेक. कोणी घेवडा म्हटलं की पुण्याच्या बाजूला एक शेंग डोळ्यांसमोर येते, साताऱ्याच्या कोरेगावात वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याच्या जातीचा दाणा, भाजीवाल्याकडं श्रावण घेवडा म्हणजे आणखी तिसरंच. यादीत नुसता ‘घेवडा’ असला तर सगळे तोच निवडणार आणि तीन पिकांची माहिती एकमेकांत मिसळणार. म्हणून ‘घेवडा’ या पानावरचा वर्ग काढला. ते पान आता फक्त वाट दाखवतं: तुमचा घेवडा कोणता ते इथून शोधा. यादीत विशेषणासकट नावं आहेत. वर्ग द्यावा केव्हा, हे जितकं महत्त्वाचं, तितकंच तो केव्हा काढून घ्यावा हेही.

लिपीनं आणलेली अडचण मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि म्हणून ती सर्वांत चिवट. तालुक्यांच्या यादीत कऱ्हाड दोनदा दिसू लागलं. अक्षरन्‌अक्षर सारखं, तरी दोनदा. ऱ्ह हे जोडाक्षर संगणकावर दोन रीतींनी लिहिता येतं. एका कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यावर साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतात. कागदावर फरक नाही, यंत्राला मात्र ती दोन गावं. तिसऱ्यानं सरळ ‘कराड’ लिहिलं की झाली तीन. हातानं लिहिलेल्या बंद यादीत हे कधी झालं नसतं, हे मान्य करायला हवं. मोकळ्या यादीची ही किंमत आहे आणि ती कोणी तरी बसून भरावी लागते. आमच्यातला एक निवृत्त शिक्षक दर आठवड्याला वर्ग उघडून जुळी नावं शोधतो आणि एकाला दुसऱ्याकडं वळवतो. त्या कामाचं कुठं नाव येत नाही. ते थांबलं तर वर्षभरात आमची यादी निकामी होईल.

वर्णक्रमाचंही तसंच. युनिकोडच्या तक्त्यात ळ हे अक्षर ल आणि व यांच्या मध्ये बसवलेलं आहे, आणि क्ष म्हणजे क ला जोडलेला ष. मराठी वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला ळ आणि क्ष, ज्ञ शेवटी हवे असतात. तो तिथं शोधतो, सापडत नाही, आणि नाव नाहीच असं समजून नवं पान काढतो. त्यासाठी पानाला क्रमाची वेगळी किल्ली देता येते. हे वरवर किरकोळ वाटेल, पण यादीत नसणं आणि जिथं शोधलं तिथं नसणं यात शोधणाऱ्याच्या दृष्टीनं काही फरक नाही.

आणखी एक खाचखळगा उपवर्गांचा. पेज फॉर्म्स वर्गातली पानं घेताना त्याच्या पोटातल्या वर्गांमध्येही उतरतो. भातांच्या वर्गात हळवी भातं, गरवी भातं असे उपवर्ग असले तर ते छानच. सगळी नावं एकत्र येतात. पण माणसं वर्ग दोन मनांनी टाकतात. कधी ‘हे त्या प्रकारचं आहे’ म्हणून, कधी ‘हे त्याच्याशी निगडित आहे’ म्हणून. ज्वारीच्या वर्गात कोणी हुरड्याचा उपवर्ग टाकला, कारण हुरडा ज्वारीचाच. हुरड्याच्या वर्गात कोणी शेंगदाण्याची चटणी टाकली, कारण ती हुरड्याबरोबर खातात. आणि मग ज्वारीची वाणं निवडायच्या यादीत गूळभेंडी, मालदांडी यांच्या शेजारी शेंगदाण्याची चटणी येऊन बसली. विकिपीडियावरही वर्गांची रचना झाडासारखी सरळ नाही. फांद्या एकमेकींत शिरतात, कधी फिरून स्वतःकडं येतात. वाचणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही, उलट भटकायला मजा येते. फॉर्मला मात्र काटेकोर उत्तर हवं असतं. आम्ही शेवटी दोन प्रकारचे वर्ग वेगळे केले. वाचकांसाठीचे मोकळे, आणि फॉर्मसाठीचे ज्यांच्या पानावर एका वाक्यात लिहिलेलं असतं की इथं काय बसतं. ते वाक्य लिहिणं हे फॉर्म बनवण्यातलं सर्वांत अवघड काम आहे.

यादी लांबली की काय करायचं, हा प्रश्न त्या मानानं सोपा. वर्गाचं पान एका वेळी दोनशे नावं दाखवतं. फोनवर बाणाखाली दोनशे नावं कोणी चाळणार नाही. तिथं दोन अक्षरं लिहिली की जुळणारी नावं सुचवणारी चौकट घ्यायची. फक्त जिरेसाळ ऱ्हस्वानं सुरू होतं की दीर्घानं, आंबेमोहर की आंबेमोहोर, हे ज्याला त्याला आपल्या परीनं सुचतं, म्हणून तिथंही वळवलेली पानं हवीतच.

यादी बंद करावी असं आमच्यातल्या काहींना मनापासून वाटतं, आणि त्यांचं म्हणणं हलकं नाही. कोणीही वर्ग टाकू शकतो म्हणजे कोणीही यादी बिघडवू शकतो. एका पानावरून वर्ग उडाला की तो पर्याय सगळ्यांच्या फॉर्मातून नाहीसा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पानाचं नाव बदललं की यादीत नवं नाव येतं, पण जुन्या नोंदींत जुनंच राहतं, आणि ते जुळवत बसावं लागतं. हे सगळं खरं आहे. तरी मी यादी मोकळी ठेवण्याच्या बाजूनं आहे, आणि त्याचं कारण इतिहास. विकीच्या प्रत्येक पानाला इतिहास असतो: कोणी, कोणत्या दिवशी, काय टाकलं, काय काढलं. ‘माहेरून आलेलं’ हा पर्याय कोणत्या दिवशी, कोणत्या वाडीवर, कोणाच्या म्हणण्यावरून आला ते आजही उघडून पाहता येतं. ज्या याद्यांमधून आपण आयुष्यभर निवडत आलो, जात, भाषा, व्यवसाय, नातं, त्यांतल्या एका तरी पर्यायाबद्दल असं पाहता येतं का? बिघडलेलं दुरुस्त करता येतं. कोणी ठरवलं तेच माहीत नसलेल्या यादीशी भांडायचं कुणाशी?

‘इतर’ आम्ही फॉर्ममधून काढला आहे. चौकट रिकामी ठेवता येते आणि शेजारी नवं पान लिहायचा दुवा आहे. त्यामुळं फॉर्म भरायला वेळ लागतो, आणि नव्या माणसाला समजावून सांगावं लागतं. गोव्याच्या बाजूच्या मित्रानं खाजणातल्या खाऱ्या जमिनीत तग धरणाऱ्या कोरगुट भाताची नोंद करताना जमिनीच्या यादीत खाजण नाही म्हणून आधी खाजणाचं पान लिहिलं: बांध, मानस म्हणजे बांधातली पाण्याची दारं, भरतीचं पाणी, सगळं. भाताची नोंद त्यानंतर झाली. फॉर्मनं त्याला थांबवलं म्हणून ते पान आज आहे.

सध्या वाद चालू आहे तो मालदांडीवर. मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका घरात पिढ्यान्‌पिढ्या राखलेली मालदांडी ज्वारी आमच्याकडं नोंदली गेली, दर्जाच्या चौकटीत पारंपरिक वाण. कोणी तरी चर्चेच्या पानावर विचारलं की ही मूळची स्थानिक मालदांडी, की त्याच स्थानिक मालदांडीतून मोहोळच्या केंद्रावर निवडून काढलेली ३५-१, जी पुढं शेतकऱ्यांकडं आली आणि त्यांनी घरचं बी म्हणून राखली? आराखड्याप्रमाणे पहिली ३००, दुसरी ५००. घरातले आजोबा म्हणतात आमची जुनीच. शेतकीचा विद्यार्थी म्हणतो कणसावरून सांगता येत नाही. एकानं सुचवलं आहे की निवड संस्थेनं केली आणि राखण घरानं केली अशा वाणांसाठी वेगळं पान हवं. त्या पानाचा पहिला मसुदा चर्चेत आहे, नावावर एकमत व्हायचं आहे. तोवर मालदांडी दोन्ही वर्गांत ठेवली आहे आणि दोन्ही याद्यांत दिसते.